जुने कोड्यांचे ॲडव्हेंचर गेम आज खेळण्यात अर्थ आहे का?

सडा_आणि_खाडी (धागाकर्ता)

मृग बरसला की गुहागर-दापोली पट्ट्यात संध्याकाळी घरात बसण्यावाचून इलाज नसतो. वीज ये-जा करते आणि रेंज तर तिच्याहून बेभरवशाची, त्यामुळे ऑनलाइन गेमचं नावच नको. म्हणून विचार आहे जुन्या गेमांचा, म्हणजे साधारण १९८५ ते २००० मधले. गोळीबार नाही. फिरायचं, वस्तू उचलायच्या, माणसांशी बोलायचं आणि कोडी सोडवायची.

प्रश्न असा की हे आज खरंच खेळण्यालायक आहेत, की लोक नुसते जुन्या आठवणींपोटी कौतुक करतात? यातला एकही गेम आधी न खेळलेल्या माणसाला मजा येईल का? ४ जीबी रॅमचा, वेगळं ग्राफिक्स कार्ड नसलेला लॅपटॉप धरून सांगा. शेजारी सातवी-आठवीतलं पोर बसणार आहे, तेही लक्षात घ्या.

---

तिरफळ

येईल, पण निवड चुकली तर दुसऱ्याच दिवशी लॅपटॉप मिटवून ठेवाल. चित्रं जुनी असण्याचा त्रास फार तर दहा मिनिटं होतो, मग डोळ्यांना सवय लागते. खरा त्रास वेगळाच आहे. यातले काही गेम तुम्हाला न सांगता कायमचे अडकवून टाकतात.

उदाहरण देतो, पुढे फोड आहे (म्हणजे कोड्याचं उत्तर आधीच कळेल). सिएरा कंपनीचा 'किंग्ज क्वेस्ट ५' (१९९०). बेकरीसमोर एक मांजर उंदराच्या मागे धावत जातं. प्रसंग काही सेकंदांचा आणि एकदाच घडणारा. त्या क्षणी वाळवंटात मिळणारं जुनं पायताण तुमच्या पोतडीत हवं आणि ते मांजराला फेकून मारायला सुचायला हवं. नाही सुचलं तर गेम काही बोलत नाही, तुम्ही आपले पुढे खेळत राहता. बऱ्याच वेळाने खानावळीच्या तळघरात तुम्हाला दोरीने बांधून टाकतात आणि ती दोरी कुरतडायला तोच उंदीर यायचा असतो. तो मेलेला असेल तर तिथेच खेळ खलास. त्याच गेममध्ये डोंगरावर भूक लागते. पोतडीत कस्टर्ड पाय असतो, तो खाल्लात तर पुढे हिममानवाच्या तोंडावर मारायला काही उरत नाही. खायचा असतो तो मटणाचा तुकडा, आणि तोही अर्धाच, कारण उरलेला अर्धा गरुडाला द्यायचा.

याला कठीण कोडं म्हणत नाहीत. ही लबाडी आहे. गेम बनवणाऱ्या रॉन गिल्बर्टने १९८९ मध्ये एक लेख लिहून हीच तक्रार मांडली होती: खेळाडूला मारू नका, आणि चूक कळायच्या आधीच त्याचा रस्ता बंद करू नका. पुढच्याच वर्षी लुकासफिल्मकडून त्याचा 'द सीक्रेट ऑफ मंकी आयलंड' आला. त्यात मरायची म्हणण्यासारखी एकच जागा आहे. पाण्याखाली मूर्तीला बांधलेल्या अवस्थेत दहा मिनिटं काहीच केलं नाही तर नायक बुडतो, कारण श्वास दहा मिनिटं रोखता येतो अशी त्याची बढाई असते. म्हणजे तीही थट्टाच.

तेव्हा ढोबळ नियम: १९९० पासूनचे लुकासफिल्मचे गेम डोळे झाकून घ्या. सिएराचे जुने गेम आधी चौकशी करून घ्या. आणि सिएराचा घेतलाच तर एकाच नावावर पुन्हा पुन्हा सेव्ह करू नका. दर नव्या जागेला वेगळं सेव्ह ठेवा, नावात जागा लिहा. वीस सेव्ह असले तरी जागा किती खाणार, काही केबी.

---

भरती_ओहोटी

माझं मत उलट आहे. इतिहास म्हणून बघायचे असतील तर बघा, पण मर्यादित संध्याकाळी हातात असताना जुन्यांवर का घालवायच्या? ज्या लोकांनी लहानपणी ते गेम खेळले त्यांनीच आता त्यातला कचरा काढून नवे बनवले आहेत. 'रिटर्न ऑफ द ओब्रा डिन' (२०१८) घ्या. ईस्ट इंडिया कंपनीचं जहाज रिकामं परत येतं, जहाजावरच्या ६० जणांचं काय झालं ते तुम्ही शोधायचं. तीन जणांची नावं आणि मरणाची कारणं बरोबर जुळली की तिघे एकदम पक्के होतात, त्यामुळे अंदाजपंचे ठोकून भागत नाही. हे कुठल्याही जुन्या गेमपेक्षा स्वच्छ डिझाइन आहे.

आणि 'गेब्रिएल नाइट ३' (१९९९) मधल्या मिशीबद्दल कुणी बोलत नाही का? मोटरसायकल भाड्याने घ्यायला दुसऱ्याचं सोंग घ्यायचं. त्यासाठी शेडच्या भोकाला चिकटपट्टी लावायची, मांजरावर पाणी उडवून त्याला त्या भोकातून पळवायचं, पट्टीला चिकटलेले केस मेपल सिरपने ओठावर लावायचे. आणि गंमत म्हणजे ज्याचं सोंग घ्यायचं त्याला मिशीच नसते! म्हणून त्याच्या पासपोर्टवरच्या फोटोला पेनाने मिशी काढायची. हे कोणत्या तर्काने सुचणार होतं?

---

तिरफळ

>> ज्याचं सोंग घ्यायचं त्याला मिशीच नसते

मान्य, ते कोडं निषेधार्हच आहे. पण एका कोड्यावरून अख्खं दशक निकालात काढू नका. 'डे ऑफ द टेंटॅकल' (१९९३) बघा. तीन पात्रं तीन काळांत अडकलेली: एक २०० वर्षं मागे, एक आजच्या काळात, एक २०० वर्षं पुढे. लहान वस्तू एकमेकांकडे पाठवता येतात. मागच्या काळातल्याला व्हिनेगर हवं असतं आणि हाताशी असते वाईन. ती काळपेटीत ठेवायची, भविष्यातल्या मुलीने पेटी उघडायची. ४०० वर्षांत वाईनचं व्हिनेगर झालेलं असतं, ते परत मागे पाठवायचं. इथे अंदाजाने क्लिक करत बसावं लागत नाही. नियम समजला की उत्तर आपोआप दिसतं आणि दिसल्यावर हसू येतं. अशी कोडी आजच्या गेमांतही रोज सापडत नाहीत.

एक अडचण मात्र आधीच सांगतो. त्यात अमेरिकन इतिहासातल्या दंतकथा गृहीत धरल्या आहेत. वॉशिंग्टन आणि त्याने तोडलेलं चेरीचं झाड ही गोष्ट माहीत नसेल तर पिवळी फळं लाल रंगवायचं कसं सुचणार? पोराला ती गोष्ट आधी सांगून टाका, कोडं फुटत नाही. २०१६ चा रीमास्टर (नव्याने चित्रं काढलेली आवृत्ती) घ्या. त्यात एक कळ दाबून जुनी चित्रं दिसतात, आणि गेममधल्या एका खोलीतल्या संगणकावर १९८७ चा 'मेनिअक मॅन्शन' पूर्णच्या पूर्ण खेळता येतो.

---

जांभा

खेळावे की नाही ते तुम्ही ठरवा, मी चालवायचे कसे ते लिहितो. निम्मे लोक इथेच हात टेकतात आणि दोष गेमला देतात.

स्कमव्हीएम नावाचा मोफत प्रोग्रॅम घ्या. २००१ पासून सुरू आहे. मूळ गेमची इंजिनं त्यात नव्याने लिहिलेली आहेत, त्यामुळे १९९० चा गेम आजच्या विंडोज, लिनक्स, अँड्रॉइडवर सारखाच चालतो. ४ जीबी म्हणजे त्याला चैन आहे.

विंडोजवर: अधिकृत साइटवरून इन्स्टॉलर उतरवा. डी ड्राइव्हवर 'गेम्स' फोल्डर करा आणि प्रत्येक गेमला आत स्वतंत्र फोल्डर द्या. झिप आली असेल तर पूर्ण उघडून फायली त्या फोल्डरात टाका. मग स्कमव्हीएममध्ये 'ॲड गेम' दाबा, ज्या फोल्डरात प्रत्यक्ष फायली दिसतात त्याच फोल्डरात जा आणि 'चूझ' दाबा. 'गेम सापडला नाही' असा संदेश आला तर दहापैकी नऊ वेळा तुम्ही एक पायरी बाहेरचं फोल्डर निवडलेलं असतं. 'मंकी आयलंड'सारख्या गेमात शेवटी ०००, ००१ असलेल्या फायली दिसल्या म्हणजे योग्य जागी आलात.

गेम जोडल्यावर 'गेम ऑप्शन्स'मध्ये ग्राफिक्सच्या पानावर 'ॲस्पेक्ट रेशो करेक्शन'ला टिक करा. ते गेम ३२० बाय २०० ठिपक्यांचे होते, पण तेव्हाच्या मॉनिटरवर ते ४:३ आकारात ताणले जायचे, म्हणजे प्रत्येक ठिपका रुंदीपेक्षा उंच. आजच्या स्क्रीनवर ठिपका चौरस असतो, त्यामुळे चंद्र चेपलेला आणि माणसं बुटकी दिसतात. टिक केली की उंची २०० ची २४० होते आणि प्रमाण सुधारतं.

ऑल्ट+एंटर म्हणजे पूर्ण स्क्रीन. कंट्रोल+एफ५ म्हणजे स्कमव्हीएमचा मेनू, सेव्ह-लोड तिथून. लॅपटॉपवर एफ५ ला ब्राइटनेस किंवा आवाज बांधलेला असेल तर सोबत एफएन कळही दाबावी लागेल.

---

कुळीथपिठी

विकत घेण्याआधी फुकटात, आणि कायदेशीर, चाखायला काही आहे का? 'जुने गेम आता कुणाचेच नाहीत, कुठूनही उतरवा' असं जो तो सांगतो, ते पटत नाही.

---

जांभा

पटू नयेच. गेम बाजारातून गेला म्हणून मालकी जात नाही. पण काही गेम मालकांनीच मोफत सोडले आहेत आणि ते स्कमव्हीएमच्या साइटवरच ठेवलेले आहेत: 'बिनीथ अ स्टील स्काय' (१९९४, मोफत २००३ पासून), 'फ्लाइट ऑफ द ॲमेझॉन क्वीन' (१९९५), 'ल्युअर ऑफ द टेम्प्ट्रेस' (१९९२), 'ड्रॅक्युला'च्या नावावरची थट्टा असलेला 'ड्रॅस्क्युला' (१९९६), आणि 'ड्रीमवेब' (१९९४). शेवटचा मुलांसाठी अजिबात नाही, रक्तपात आणि नग्नता दोन्ही आहे.

सुरुवात 'स्टील स्काय'ने करा. आवाजासकटची आवृत्ती सुमारे ७० एमबी, म्हणजे एका काडीच्या रेंजवरही रात्रीत उतरते. चालवताना 'स्काय.सीपीटी सापडत नाही' असा संदेश आला तर ती एक छोटी फाइल साइटवरून घेऊन गेमच्या फोल्डरात टाका. ती मूळ गेमची नाही, स्कमव्हीएमला लागणारी आहे, म्हणून जुन्या झिपमध्ये नसते.

विकत घ्यायचे असतील तर गॉग (GOG) या ऑनलाइन दुकानातून घ्या. तिथे पूर्ण इन्स्टॉलर उतरवता येतो आणि नंतर इंटरनेट लागत नाही. शहरात असताना पेनड्राइव्हवर घेऊन या. स्टीमही चालतं, पण गाडीत बसण्याआधी एकदा लॉगिन करून गेम उघडून बघा आणि ऑफलाइन मोड लावा. गावात पोहोचल्यावर लॉगिन मागितलं की बसा मग पडवीत मोबाइल उंच धरून.

---

गाववालो

माझ्याकडे जुने सीडये आसत, मिस्ट, मंकी आयलंड, बरेच. कपाटात बुरशी इली हा तेंका. सेटअप दाबलंय तर विंडोज म्हणता ह्यो प्रोग्रॅम चलाचो नाय. फेकून देव?

---

जांभा

फेकू नका हो! सेटअप न चालण्याशी बुरशीचा काही संबंध नाही. नव्वदच्या दशकातले बरेच इन्स्टॉलर १६ बिटचे आहेत आणि ६४ बिटचं विंडोज १६ बिटचं काहीही चालवत नाही. सेटअपला हातच लावू नका. सीडी उघडून फायली सरळ हार्ड डिस्कवर कॉपी करा आणि स्कमव्हीएमला ते फोल्डर दाखवा. त्याला फक्त डेटा लागतो.

सीडी पुसताना मऊ सुती कापड ओलं करून मध्यापासून कडेकडे सरळ रेषेत पुसा, गोल गोल नाही. डेटा गोलाकार लिहिलेला असतो. त्याच दिशेने ओरखडा पडला तर सलग मजकूर जातो, आडवा पडला तर ड्राइव्ह तेवढं सावरून घेतो. चकाकणारा थरच खाल्ला गेला असेल, उजेडाकडे धरल्यावर आरपार टिपके दिसत असतील, तर मात्र ती गेली. जी वाचते तिची लगेच आयएसओ प्रत (अख्खी सीडी एका फाइलमध्ये) करून ठेवा. आपल्या दमट हवेत पुढच्या पावसाळ्याची वाट बघू नका.

'मंकी आयलंड'ची सीडी आवृत्ती असेल तर आणखी एक फट आहे. तिचं संगीत फाइलमध्ये नसतं, गाण्याच्या सीडीसारखं वेगळ्या ऑडिओ ट्रॅकांवर असतं. नुसत्या फायली कॉपी केल्या तर गेम चालतो पण मुका. ते ट्रॅक एखाद्या सीडी रिपरने एमपी३, ओजीजी किंवा फ्लॅकमध्ये काढा, नावं इंग्रजीत ट्रॅक१, ट्रॅक२ अशी सीडीवरच्या क्रमाने द्या, आणि गेमच्याच फोल्डरात टाका. क्रमांक सीडीवरचेच ठेवा. पहिला ट्रॅक डेटाचा असतो, म्हणून त्याला सोडून १ पासून मोजू नका, नाहीतर भलत्या जागी भलतं संगीत वाजेल.

---

गाववालो

बरा सांगितल्यात. बगतंय.

---

पोफळी

'मिस्ट' निघालाच आहे तर त्याच्यावर लिहिते. १९९३ चा गेम, दोन भावांनी मॅकवर हायपरकार्ड नावाच्या प्रोग्रॅममध्ये जुळवलेला, आणि २००२ पर्यंत पीसीवर सर्वाधिक खपलेला. तरीही नवशिक्याला देताना जरा थांबून द्यावा लागतो. यात पोतडी नाही, संवाद नाहीत, कुणी काही सांगत नाही. निर्मनुष्य बेट आणि यंत्रं. वही-पेन्सिल जवळ नसेल तर सुरूच करू नका.

पहिलं कोडंच घ्या, फोड आहे. गवतावर एक चिठ्ठी पडलेली असते: बेटावरच्या खुणेच्या खटक्यांची संख्या यंत्रात घाला. बरेच जण चिठ्ठी न वाचता पुढे जातात आणि मग तासभर नुसते भटकतात. खटके ८ आहेत. धक्क्याजवळच्या भुयारी खोलीतल्या यंत्रात ०८ घालायचं. मोजतानाच प्रत्येक खटका वर करत चला, सगळे नंतर लागतात.

आवाज फार महत्त्वाचा. पत्र्यावर किंवा कौलांवर पाऊस वाजत असताना लॅपटॉपच्या स्पीकरवर हा गेम खेळता येणारच नाही, हेडफोन घ्या. चॅनलवुड नावाच्या जगात पवनचक्कीने उपसलेलं पाणी नळांतून पळतं आणि प्रत्येक फाट्यावर खटका असतो. पाणी जिकडे जाईल तिकडचंच यंत्र चालतं. पोफळीच्या बागेत पाटाचं पाणी एक बाजू बांधून दुसरीकडे सोडतात, अगदी तेच. नळात पाण्याचा खळखळाट ऐकू येतो, तो जिथे थांबला त्याच्या अलीकडच्या फाट्यावर परत जा. बाकी काही लक्षात ठेवायची गरज नाही.

जगांचा क्रम तुमच्या हातात असतो, पण यंत्रांचं जग ध्वनीच्या जगाआधी करा. यंत्रांच्या जगात किल्ला फिरवताना प्रत्येक दिशेला एक ठरावीक आवाज येतो. ध्वनीच्या जगातल्या भुयारी गाडीच्या चक्रव्यूहात त्याच आवाजांवर वळायचं असतं. उलट क्रमाने गेलात तर ते आवाज म्हणजे नुसती गडबड वाटते आणि लोक गेमला शिव्या घालतात. आवाज आणि दिशा वहीत लिहून ठेवा.

खटकणारी गोष्ट: गेममध्ये दोन भाऊ दोन पुस्तकांत अडकलेले असतात आणि त्यांच्यासाठी प्रत्येक जगात दोन पानं असतात, एक लाल आणि एक निळं, पण एका वेळी एकच हातात धरता येतं. दुसऱ्यासाठी तेच जग पुन्हा पायाखाली घालायचं. आज कुणी असं करणार नाही. दोन्ही भावांचं ऐकण्याचा अट्टहास नसेल तर एकाच रंगाच्या पानांवर लक्ष ठेवा.

---

भरती_ओहोटी

हेच म्हणतोय मी, पोफळीताई. नवा 'मिस्ट' आणि त्याचा पुढचा भाग 'रिव्हन' २०२४ मध्ये नव्याने केलेला उपलब्ध असताना जुन्याला वही घेऊन का भिडायचं?

---

पोफळी

कारण धागाकर्त्याच्या लॅपटॉपला ग्राफिक्स कार्ड नाही! नवा 'रिव्हन' तिथे उघडणारही नाही. १९९७ चा, पाच सीडींचा, स्कमव्हीएममध्ये लोण्यासारखा चालतो. पाचही सीडींचा डेटा एका फोल्डरात आणला की सीडी बदलायची कटकटही गेली, जी मूळ गेममध्ये बेटागणिक होती.

शिवाय ते दोन वेगळे गेम आहेत. नव्या 'रिव्हन'मध्ये कोडी बदलली आहेत, म्हणून जुन्याचा वॉकथ्रू (पायरी-पायरीने लिहिलेली उत्तरं) घेऊन नव्यात शिरू नका, आणि नव्याचा घेऊन जुन्यातही. नव्या 'मिस्ट'मध्येही कोड्यांची उत्तरं दर वेळी बदलायची सोय आहे. ती चालू केलीत तर नेटवरचे आकडे लागूच पडणार नाहीत.

वही तर नव्यातही लागतेच हो.

---

कुळीथपिठी

इंग्रजीचं काय? सातवी-आठवीतलं मराठी शाळेतलं मूल 'मंकी आयलंड'मधले विनोद कसे वाचणार? तलवारबाजीत तर शिव्यांना प्रतिशिवीच द्यायची असते म्हणे.

---

तिरफळ

तो प्रश्न खराच आहे. तलवारबाजीत हात चालवावा लागत नाही, जीभ चालवावी लागते. रस्त्यात भेटणाऱ्या चाच्यांशी लढत त्यांचे टोमणे आणि उत्तरं गोळा करायची. वहीत दोन रकाने करा, डावीकडे टोमणा आणि उजवीकडे उत्तर. हरलात तरी टोमणा शिकून मिळतो, म्हणून सुरुवातीला मुद्दाम हरा. समोरचा चाचा 'तू आता तिच्याशी लढायला तयार आहेस' असं म्हणेपर्यंत तलवारीच्या उस्तादणीकडे जाऊ नका. ती टोमणे नवे मारते पण उत्तरं तीच जुनी लागतात, म्हणून पाठांतर पुरत नाही, अर्थ कळावा लागतो. मोठ्या माणसाने शेजारी बसून मराठीत सांगितलं तर मूल उत्तर बरोबर ओळखतं. आंग्र्यांच्या किनाऱ्यावर बसून कॅरिबियन चाच्यांकडून भांडण शिकायचं, हे जरा उफराटं आहे खरं.

पण पहिला गेम म्हणून मुलांना 'मशिनेरियम' (२००९) द्या. फार जुना नाही, पण बनावट जुन्याच धाटणीची. चेक लोकांनी हाताने काढलेली चित्रं, आणि सुरुवातीच्या थोड्या सूचना सोडल्या तर अख्ख्या गेममध्ये वाचायला काही नाही. बोलणंही चित्रांच्या फुग्यांत.

तिथे एकच गोष्ट नवख्याला कळत नाही. यंत्रमानवाचा हात जिथवर पोहोचतो तेवढ्याच वस्तूंवर क्लिक लागतो. दूरच्या वस्तूवर क्लिक करून काही झालं नाही म्हणजे ती निरुपयोगी असं समजू नका. आधी जवळ जा, मग त्याला धरून वर ओढून लांब किंवा खाली ढकलून बुटका करा, आणि पुन्हा दाबा. अडलात तर दिव्याच्या खुणेवर त्या दृश्यात काय साधायचं ते दिसतं. पूर्ण उत्तर पुस्तकात चित्रांनी दिलेलं आहे, पण ते उघडायला कोळ्यांना गोळ्या घालत किल्ली कुलपापर्यंत न्यावी लागते. ही युक्ती मला फार आवडते. उत्तर मिळतं, पण फुकट नाही.

---

रातांबा

वॉकथ्रूचा विषय निघालाय तर: सरसकट वॉकथ्रू उघडू नका, एका ओळीचं उत्तर शोधताना पुढची दहा डोळ्याखालून जातात. यूएचएस नावाची पद्धत १९८८ पासून आहे. प्रश्न निवडायचा, मग इशारे एकेक करून उघडतात, आधी 'खोलीत नीट बघितलंत का' आणि शेवटी थेट उत्तर. पहिल्या दुसऱ्या इशाऱ्यावर बहुतेकदा सुटतं.

कधी बघायचं? सगळ्या जागा फिरून झाल्या, सगळ्यांशी सगळं बोलून झालं, आणि आता प्रत्येक वस्तू प्रत्येक वस्तूला घासून बघणं सुरू झालं की त्या क्षणी. त्यापुढे डोकं चालत नसतं, नुसती बोटं चालतात.

ठिपका-शोध हा दुसरा वैताग. वस्तू चार ठिपक्यांची आणि पार्श्वभूमीच्याच रंगाची. नव्या दृश्यात गेलात की माउस डावीकडून उजवीकडे हळू, मग जरा खाली, पुन्हा उलट, असा नांगरटीसारखा फिरवा आणि नजर चित्रावर न ठेवता खालच्या ओळीवर ठेवा. वस्तूवरून गेलं की तिथे नाव उमटतं. प्रत्येक दृश्याला मिनिटभर लागतं, पण पुढचा तासभर वाचतो.

आणि वेळेवर क्लिक मागणारी जागा असली की इशारा बघायला लाजू नका. 'ब्रोकन सोर्ड'मधली (१९९६) आयर्लंडच्या किल्ल्याची बकरी कुप्रसिद्ध आहे. तोवर गेममध्ये कुठेही घाई नसते. इथे मात्र बकरीने ढुशी मारून पाडल्यावर, ती मागे सरकत असताना, उठून लगेच शेतीच्या अवजाराकडे जावं लागतं, म्हणजे ती दुसऱ्या ढुशीला त्यात अडकते. खेळाचा नियमच न सांगता बदलला, म्हणून लोक अडकतात. ते कोडं अवघड असं काही नाही.

---

सडा_आणि_खाडी

इतकी माहिती अपेक्षित नव्हती, आभार. अजून एक. घरात एक डेस्कटॉपही आहे, इन्व्हर्टरवर. वीज गेली की तो दर वेळी पुन्हा सुरू होतो. गेमचं काय होणार?

---

जांभा

इन्व्हर्टरच्या मागे किंवा बाजूला 'यूपीएस / नॉर्मल' असा खटका असतो, बघा. नॉर्मलवर असेल तर वीज जाणं आणि बॅटरी लागणं यात जो क्षण जातो तो पंख्याला कळत नाही, पण संगणकाला कळतो. यूपीएसवर टाका. तोटा असा की त्या मोडवर व्होल्टेज साधारण १८० च्या खाली गेलं तरी तो बॅटरीवर जातो. आपल्याकडे संध्याकाळी व्होल्टेज पडतंच, त्यामुळे दिवे असूनही बॅटरी उतरलेली असं होऊ शकतं. खेळून झालं की खटका परत नॉर्मलवर.

स्कमव्हीएम आपोआप दर ५ मिनिटांनी सेव्ह करतो, 'ऑप्शन्स'मध्ये 'मिस्क'च्या पानावर ते अंतर कमी करता येतं. पण तो एकाच जागेवर लिहितो, त्यामुळे आपलं स्वतःचं सेव्ह वेगळं हवंच. तिरफळांनी वर सांगितलंय ते त्याचसाठी.

स्कमव्हीएममध्ये न चालणारा डॉसचा (विंडोजच्या आधीच्या यंत्रणेचा) एखादा गेम असेल तर डॉसबॉक्स हा प्रोग्रॅम लागेल. तिथे गेम भरधाव पळाला तर घाबरू नका. जुन्या गेमांत कित्येकदा वेग घड्याळाला बांधलेला नसतो, प्रोसेसरला बांधलेला असतो. कंट्रोल+एफ११ ने सायकल्स, म्हणजे वेग, कमी होतात, कंट्रोल+एफ१२ ने वाढतात. माउस खिडकीत अडकला तर कंट्रोल+एफ१०. तिथे आपोआप सेव्ह होत नाही.

---

भरती_ओहोटी

बरं, 'स्टील स्काय' फुकट आहे म्हणून बघतो. पण मिशी मी माफ केलेली नाही.

---

कुळीथपिठी

लॅपटॉपवर अर्धा झालेला गेम मोबाइलवर पुढे खेळता येतो का? अँड्रॉइडवर स्कमव्हीएम टाकलं, पण गेमचं फोल्डरच दिसत नाही.

---

जांभा

येतो. अँड्रॉइड आता ॲपला सगळं स्टोरेज उघडून देत नाही, म्हणून फोल्डर दिसत नाही. 'ॲड गेम' दाबल्यावर जी यादी येते तिच्यात 'ॲड अ न्यू फोल्डर' अशी ओळ असते. ती दाबून गेमचं फोल्डर निवडा, परवानगी द्या, मग ते यादीत येईल.

सेव्हच्या फायली विंडोजवर ॲपडेटा, त्यात रोमिंग, त्यात स्कमव्हीएम, त्यात सेव्ह्ड गेम्स इथे असतात. ॲपडेटा लपवलेलं असतं, 'व्ह्यू'मधून लपलेल्या वस्तू दिसू द्या. त्या फायली मोबाइलवर कॉपी करा आणि स्कमव्हीएमच्या 'पाथ्स'मध्ये सेव्हची जागा म्हणून तेच फोल्डर द्या. गेमची आवृत्ती दोन्हीकडे एकच हवी. लॅपटॉपवर सीडीची आणि मोबाइलवर फ्लॉपीची असं केलंत तर सेव्ह उघडणार नाही किंवा मध्येच बंद पडेल.

उजवा क्लिक हवा असेल तर दोन बोटांनी टॅप करा.

---

कुळीथपिठी

दिसलं फोल्डर. सेव्हही उघडलं.